तुतीचा पाला

“अक्का, माळ ठेवा खाली आणि या लवकर. तुमची लेकरं निघाली!”

पद्मलची हाक मागच्या खोलीतून आली, तेव्हा माझा जाप अर्ध्यावर होता. जाप अर्ध्यावर सोडू नये. मी सोडला नाही, पण उरलेले मणी मी ज्या वेगानं ओढले, त्याला जाप म्हणायचं की पळापळ, ते देव जाणे. शेवटच्या मण्याला कपाळ टेकवलं आणि पदर सावरत धावले.

खोलीत बांबूच्या सुपांतून पांढरे कोष पसरलेले होते. त्यातल्या एकाचं टोक ओलं झालं होतं. बघता बघता तिथून एक पिंगट डोकं बाहेर आलं, मग दोन पिसांसारख्या मिशा, मग चुरगळलेले ओले पंख. पाखरू कोषावर बसून थरथरायला लागलं.

“बघ,” मी हळूच म्हणाले, “याला उकळत्या पाण्यात जावं लागलं नाही.”

“कसलं जाड हाय पण,” पद्मल म्हणाली. “उडंल का हे?”

“उडत नाहीत ती.”

“मग सोडून उपयोग काय?”

पद्मल माझी धाकटी जाऊ. एका आवारात आमची दोन घरं, मधे एक तुळशीकट्टा आणि कायमचा वाद. गाव कृष्णाकाठचं, सांगलीहून एसटीनं अर्ध्या तासाचं. आमचा धंदा दोघींचा होता आणि त्याचं नाव ‘अनुकंपा वस्त्र’. नाव मी ठेवलं होतं. कापणं, शिवणं, गिऱ्हाईक आणि भांडणं हे पद्मलकडे. माझ्याकडे माल शोधणं आणि शंका काढणं. त्यातल्या दुसऱ्या कामात मी जास्त तयार होते.

सुरुवात झाली ती बस्तीत. आम्ही जैन, आमच्याकडे मंदिराला बस्ती म्हणतात. लग्न झाल्यापासून मी पूजेला रेशमी सोवळं नेसत आले. रेशीम म्हणजे शुद्ध, एवढंच डोक्यात. एका प्रवचनात ऐकलं की रेशमाचा धागा अखंड निघावा म्हणून कोष आतल्या जीवासकट उकळतात. घरी येऊन कपाट उघडलं तर सगळ्या घड्या माझ्याकडे बघायला लागल्या. तिथून पुढं मी पूजेला सुती नेसू लागले आणि इतरांना अहिंसक रेशीम नेसवायचा ध्यास घेतला. माझं असंच आहे. स्वतःला एक काटा टोचला की गावभर चिमटा घेऊन फिरते.

पण अहिंसक रेशीम मिळावं कुठून? एका मोठ्या पेठेत एका व्यापाऱ्याला मी अगदी खालच्या आवाजात विचारलं, “भाऊ, यात किडा मेलेला नाही ना?” त्यानं छातीवर हात ठेवला. “मावशी, आमच्या दुकानात किडा? कपाटात डांबराच्या गोळ्या टाकतो आम्ही!” दुसऱ्यानं ‘अहिंसक पाहिजे?’ म्हणत ड्रॉवर उघडला, एक हिरवं स्टिकर काढलं आणि समोरच्याच ठाणावर थापलं. पद्मल म्हणाली, “घ्या अक्का, आपल्यासमोर शुद्ध झालं.”

तेव्हा मी ठरवलं की जिवंत कोषच विकत आणायचे. पाखरं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर बाहेर पडतील आणि मग रिकामे कोष कातायला द्यायचे. भोक पडलेल्या कोषाचा धागा सलग निघत नाही, कापसासारखा कातावा लागतो आणि कापड जरा भरड होतं. पण ते भोक हेच आमचं प्रमाणपत्र असणार होतं.

सांगलीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा हेमलताताई यांना ही कल्पना फार आवडली. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. कार्तिकात त्यांच्याकडे सिद्धचक्र विधान, म्हणजे आमची आठ दिवसांची मोठी पूजा होती आणि पूजेला बसणाऱ्या सगळ्या बायकांची सोवळी आमच्याकडून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. फक्त एक अट घातली. “मला कागद नकोत राजमतीबाई. कागद बाजारात मिळतात. तुम्ही नेमाच्या बाई. एकही जीव गेला नाही आणि तुमच्या हातून काही वावगं झालं नाही, एवढा शब्द मला द्या. मी तो मंडळात सांगेन.”

या ऑर्डरसाठी पद्मलनं शाळेच्या गणवेशांचं काम सोडलं. दरवर्षीचं, हक्काचं. “अक्कांच्या शब्दावर सोडतेय,” असं तिनं मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं. माझ्या शब्दाला तेव्हा भलताच भाव होता. तो मी स्वतःही लावत होते.

त्याच वर्षी आषाढात आमच्या बस्तीत मुनिमहाराजांचा चातुर्मास सुरू झाला. बायका एकेक करून नियम घेत होत्या. कुणी तूप सोडलं, कुणी दही. पद्मलनं कारलं सोडलं. तिला कारलं आवडत नाही. माझी पाळी आली तेव्हा तूप, दही मला फारच साधं वाटलं. मी हात जोडून म्हणाले, “चार महिने हिरवा पाला तोडणार नाही, तोडवणार नाही, तोडणाऱ्याला मनातूनही बरं म्हणणार नाही.” आमच्यात पाप तीन दारांनी येतं. स्वतः केलं तर, दुसऱ्याकडून करवलं तर, आणि कुणी केलेलं पाहून मनात बरं वाटलं तर. मी तिन्ही दारांना कड्या घातल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी “अगंबाई!” म्हणालं. मला ते ऐकू आलं, आणि बरंही वाटलं. चौथ्या दाराचा विचार कुणी केलेला नाही.

तर पाखरं निघाली. मी प्रत्येकाच्या कानाशी, म्हणजे जिथं कान असेल असं वाटलं तिथं, णमोकार मंत्र म्हणत होते. दुपारपर्यंत खोली पांढऱ्या फडफडीनं भरून गेली. मग नर आणि माद्या एकमेकांना शोधायला लागल्या. सापडल्याही. आणि सापडल्यावर सुटेनात.

पद्मल दाराला टेकून उभी. तोंडात पदर कोंबलेला.

“काय झालं हसायला?”

“काही न्हाई. आज अष्टमी हाय म्हणलं. पर्वाचा दिवस, ब्रह्मचर्य पाळायचा. त्यास्नी जरा समजावून सांगा की तुम्ही.”

मी सुपांवर ओढणी टाकली. दुसरं काय सुचणार? भिंतीपलीकडं माझं देवघर.

पाखरं काही खात नाहीत, त्यांना तोंडच नसतं म्हणावं असं. चारपाच दिवस जगली आणि आपापली शांतपणे गेली. मी म्हटलं, किती सुंदर मरण! अन्नाचा त्याग, देहाचा त्याग. मी दोन्ही वेळा त्यांच्यासाठी शांतिपाठ म्हटला. भोक पडलेले कोष धुऊन वाळत घातले, काही कातायला पाठवले. हेमलताताईंना फोन केला की सगळं निर्विघ्न पार पडलं.

सुपं झाडायला घेतली तेव्हा दिसलं. कागदावर, ओढणीवर, सुपांच्या विणीत, सगळीकडे खसखस सांडल्यासारखी अंडी.

ज्या संपत लोंढ्यांच्या रेशीमकिड्यांच्या शेडवरून मी कोष आणले होते, त्यांना फोन लावला.

“अंडी?” ते ओरडलेच. “अक्का, जाळून टाका. आत्ताच्या आत्ता. तसल्या अंड्यांत रोग असला तर माझी सगळी शेड बसंल.”

“जाळू?”

“मग काय बारसं घालणार?”

मी फोन ठेवला. खोलीची खिडकी बंद केली आणि अंडी उबवली जाऊ नयेत अशी प्रार्थना केली. मग लक्षात आलं की ही प्रार्थना म्हणजे तरी काय, आणि ती परत घेतली. अशा बायकोबरोबर आमच्या यांनी इतकी वर्षं कशी काढली, ते मला माहीत नाही.

अंडी फुटली. काळ्या तिळासारख्या अळ्या, प्रत्येक तिळाला जीव, आणि प्रत्येक जिवाला भूक. त्या सगळ्या डोकी वर करून उभ्या राहिल्या. मी कोबीचं पान ठेवून पाहिलं. भाजीवाल्यानं आधीच तोडलेलं, म्हणून. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांना तुतीच लागते.

तुतीचं झाड पद्मलच्या परसात होतं. चांगलं माणसाच्या दीडपट उंच, हिरवंगार. आणि मी तिन्ही दारांना कड्या घालून बसलेली.

त्या सकाळी मी झाडाखाली पाट टाकून बसले. पान आपोआप गळलं तर ते उचलण्यात दोष नव्हता. वाऱ्यानं बरीच पानं हलली, गळलं एकही नाही. कोवळं पान गळत नसतं, गळतं ते पिवळं. दोन पिवळी मिळाली. ती मी अळ्यांपुढे ठेवली, तर त्या पानाखालून निघून गेल्या.

तेवढ्यात शेजारची शेळी आली आणि मागच्या पायांवर उभी राहून तिनं फांदीचा शेंडाच ओरबाडला. अर्धा तोंडात, अर्धा जमिनीवर. माझ्या मनात आलं, शाबास! आणि लगेच मी जीभ चावली. अनुमोदना झाली होती, तिसरं दार उघडलं होतं. खाली पडलेल्या पानांना मी हात लावला नाही. शेळीनं तीही खाल्ली.

मग मी पद्मलकडे गेले. ती पायमशीनवर होती.

“तुती बरीच वाढलीय गं तुझी.”

“वाढू दे की.”

“छाटत नाहीस वाटतं?”

तिनं मशीन थांबवलं. “छाटू म्हणता?”

“मी कुठं म्हणाले? मी काही सांगत नाहीये हं तुला.”

“मग कशाला आलासा?”

“अशीच. त्या अळ्या… काही खात नाहीयेत.”

पद्मल माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. “जावा अक्का. तुमची सामायिकाला, ध्यानाला बसायची वेळ झाली.”

दुसऱ्या दिवशी पहाटेचा जाप आटोपून मी मागच्या खोलीत गेले, तर सुपांत हिरवा पाला होता. विडीच्या तंबाखूसारखा बारीक कापलेला, आणि अळ्या त्यावर तुटून पडलेल्या.

मी विचारलं नाही. मी म्हटलं, धर्माला जो राखतो त्याला धर्म राखतो. परसाकडची खिडकी मी त्या दिवसापासून उघडली नाही. पहाटे तिकडून काही चाहूल लागली की मी स्तोत्र मोठ्यानं म्हणायचे, एरवी माझा आवाज कधी ओसरीपलीकडे जात नाही. पाला बघून बरं वाटायला लागलं की लगेच मन दुसरीकडे वळवायचे, आमटीला फोडणी द्यायची राहिलीय वगैरे. पद्मलच्या बोटांना तुतीचा चीक वाळून काळा व्हायचा. तोही मला दिसायचा नाही. न दिसण्याची माझी साधना त्या दिवसांत फार वरच्या पायरीला पोचली होती.

अळ्या वाढल्या. तीळ होत्या त्या शेवयांएवढ्या झाल्या, मग करंगळीएवढ्या. पहाटेच्या एका खेपेनं भागेना, पाला दुपारीही यायला लागला. कधी पद्मलच्या केसांत पावसाचं पाणी असायचं. मी म्हणायचे, “डोकं पूस, सर्दी होईल.” इतकी काळजी घ्यायला व्रत आड येत नव्हतं.

भाद्रपदात एके दिवशी हेमलताताई आल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला शबनम, चेहऱ्यावर अजून शाळेची घंटा. मी गाळून उकळलेलं पाणी दिलं. त्यांनी एक रिकामा कोष उचलून डोळ्याला लावला, भोकातून आमच्या तुळशीकट्ट्याकडे पाहिलं आणि खूश झाल्या.

“म्हणजे पाखरू इथून गेलं.”

“माझ्यासमोर गेलं.”

“बघा, याला म्हणतात काम. नाहीतर ते व्यापारी! परवा एकाला मी विचारलं, तर म्हणतो, ‘बाई, आम्ही कुठं मारतो? आम्ही नुसतं विकतो. कोष उकळणारा तिकडं लांब, त्याचं तो बघेल.’ मी म्हटलं, वा रे वा! करणारा वेगळा, हात तुमचे स्वच्छ!” त्या हसल्या. मीही हसले. “मला तुमची ती खोली दाखवा. मंडळात वर्णन करून सांगायला बरं.”

पद्मलनं माझ्याकडे पाहिलं. मी दार उघडलं.

सुपांवर सुपं, आणि सगळ्यांत पांढऱ्या अळ्या. हेमलताताई दोन पावलं मागे सरल्या आणि मग चष्मा वर सरकवून पुढे आल्या.

“अगंबाई. ही पुढची पिढी! आणि ही सगळी जगवलीत तुम्ही?” त्यांचा हात पाल्यावर थांबला. “राजमतीबाई, पाला न तोडायचं व्रत ना तुमचं? आमच्याकडेसुद्धा बातमी आली होती त्याची. मग हा पाला कोण तोडतं?”

मी जवळचं एक सूप उगाचच सरळ केलं.

“मी तोडते,” पद्मल म्हणाली. “माझं व्रत न्हाई. मी कारलं सोडलंय. अक्कांनी मला कधी सांगितलेलं न्हाई, कधी विचारलेलंबी न्हाई. त्यास्नी यातलं काही ठाऊकच न्हाई.”

प्रत्येक शब्द खरा होता. असं बिनचूक खरं बोलायला तिनं किती विचार केला असेल, ते तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. हात मागे घेतलेले. बोटं दिसू नयेत म्हणून.

“उत्तम!” हेमलताताई म्हणाल्या. “म्हणजे जीवही राहिले आणि तुमच्या हातालाही काही लागलं नाही. मी हे असंच्या असं मंडळात सांगते.”

माझे कान तापले. पद्मल डोळ्यांनी मला सांगत होती, हो म्हणा. एवढं ‘हो’ म्हटलं की झालं. ऑर्डर पक्की होती, गणवेश सोडले त्याचं चीज होणार होतं, आणि माझं व्रतही अभंग. माझ्यासारख्या बाईला याहून जास्त काय पाहिजे?

“बसा हं जरा,” मी म्हणाले आणि परसात गेले.

तुतीचं पान कसं तोडतात ते मला येत नव्हतं. मी ओढलं तर पान अर्धं फाटलं. दुसरं देठासकट आलं आणि त्याच्या हिसक्यानं फांदीवरचं सगळं पाणी माझ्या तोंडावर. मी तोडत राहिले. पदराची ओटी केली आणि त्यात टाकत गेले. मागे वळले तर दारात दोघी. हेमलताताईंचा चष्मा हातात होता.

“राजमतीबाई, तोडलंत?”

“तोडलं.”

“चातुर्मासात? आणि माझ्यासमोर?”

“मग काय ताई, तुमच्यामागे तोडायचं होतं?” हे मी म्हणाले. आवाज इतका बारीक की मलाच नीट ऐकू आला नाही, पण त्यांना गेला.

त्यांनी चष्मा पदराला पुसून परत लावला. “मग मी मंडळाला शब्द कशाचा देऊ?”

“पाखरांचा द्या. पाल्याचा नको. पाला आम्ही तोडलाय. दोघींनी.”

“मंडळात विचारते,” त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या. ‘मंडळात विचारते’ याचा अर्थ मंडळात राहिलेल्या प्रत्येक बाईला कळतो. आठवड्यानं तसा निरोप आलाच. विधानात सगळ्याजणी सुती नेसल्या, दुसऱ्या दुकानातलं. ‘अनुकंपा’ त्यानंतर टिकली, पण रेशमावर नाही, पद्मलनं हातापाया पडून परत मिळवलेल्या गणवेशांवर. महाराजांकडे मी प्रायश्चित्त मागायला गेले, तेव्हा सगळी हकीकत सांगून विचारलं, पुढं काय करू? महाराज नुसते बघत राहिले. पाला तोड म्हणता येत नव्हतं त्यांना, आणि अळ्या मरू दे असंही. त्यांनी मला उपवास दिले आणि डोळे मिटले.

पण ते सगळं नंतर. त्या दुपारी हेमलताताई फाटकाबाहेर गेल्या, आणि पद्मल फिरली ती माझ्यावरच.

“अक्का, काय केलंसा हे?”

मी सुपांत पाला टाकत होते.

“पहाटं उठत होते मी. पावसात. तुमचं व्रत मोडू नये म्हणून चोरासारखी जात होते माझ्याच परसात! आवाज होऊ नये म्हणून चपला काढून! ते सगळं एका मिनटात घालवलंसा. पाप बी माझं गेलं फुकट, आणि पुण्य बी तुमचं गेलं.”

“पद्मल…”

“बोलू नका. गोड बोलून मला गुंडाळू नका. तुम्ही कधी मोठ्यानं बोलत न्हाई, म्हणून जगाला वाटतं सगळी चूक माझी.”

ती तणतणत तिच्या घरी गेली. पायमशीनचा आवाज सुरू झाला, थांबला, परत सुरू झाला. मी उन्हं उतरायच्या आत जेवायला हवं होतं, जेवले नाही. अळ्यांनी माझा फाटका पाला खाल्ला. त्यांना फाटका आणि बारीक कापलेला यात काही फरक वाटला नसावा.

दिवेलागणीला मी तुळशीपाशी दिवा ठेवत होते. पद्मल कट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता.

“सकाळी जाणार आहासा तोडायला?”

“जाईन.”

“एकट्या जाऊ नका. मला हाक मारा.” ती दिव्याची वात सारखी करत राहिली. “खालचा पाला मी संपवला, उरलासुरला आज तुम्ही. वरच्या फांदीला एकटीचा हात पुरत न्हाई. एकीनं वाकवून धरायला लागती.”